मोरव्याच्या रस्त्यावरची झोप

माझ्या आजाराचं नाव सांगितलं की लोक हसतात. झोपेत श्वास अडकण्याचा आजार. "म्हणजे घोरणंच ना?" असं विचारतात आणि आपल्या सासऱ्यांचे किस्से सांगायला लागतात. मीसुद्धा दोन वर्षं हसतच होतो. त्यापायी एका माणसाचा पाय गेला, माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर एकवीस टाके पडले आणि माझ्या मुलीला बारा वर्षांच्या वयात असं काही बघावं लागलं, जे कुणीच बघू नये.

तुमच्या घरात कुणी घोरत असेल आणि तोच माणूस गाडीही चालवत असेल, तर हे वाचा. डॉक्टरी माहिती माझ्याकडे फारशी नाही. जे झालं तेवढं सांगतो.

पडला की झोपला

मी लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत सुपरवायझर होतो. अंधेरीपासून ठाण्यापर्यंत जिथे लिफ्ट बंद पडेल तिथे पोचायचं. लालबागची खोली विकून आम्ही मीरा रोडला शांती नगरात फ्लॅट घेतला होता, आणि मुंबईतल्या त्या मोठ्या पुराच्या पुढच्या वर्षी एक सेकंडहँड निळी गाडी. मी, वृषाली आणि मुक्ता. तिघांचं बरं चाललं होतं.

माझं वजन वाढलं होतं, मान जाड झाली होती. शर्टाचं वरचं बटण लागत नसे. वृषाली म्हणायची, "अहो, तुम्ही घोरता घोरता मध्येच गप्प होता. एकदम गप्प. मग बुडणाऱ्या माणसासारखे हबकून श्वास घेता. मला भीती वाटते हो." ती मला कोपराने ढोसून ढोसून जागं करायची. मी चिडायचो. "तू झोप ना गप. मला कशाला बघत बसतेस?"

सकाळी उठलो की डोक्यात कुणीतरी ओली वाळू भरल्यासारखं वाटायचं. दिवसा कुठेही डोळा लागायचा. न्हाव्याच्या खुर्चीत, लिफ्टच्या मशीन रूममध्ये मोटरच्या खडखडाटात, आणि एकदा तर मुक्ताच्या शाळेत पालकसभेत मुख्याध्यापिका बोलत असताना. मित्र म्हणायचे, हेमंत सुखी माणूस, पडला की झोपला.

गाडी चालवतानाही डोळा लागला होता. एकदा नाही, तीनदा. पण ते तेव्हा मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि ते कसं बाहेर आलं ते पुढे येईलच.

दोन आवाज

मे महिन्यातला शनिवार. उत्तनला माझ्या सहकाऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आदल्या दिवशी ठाण्याला दोन लिफ्ट एकदम बंद पडल्यामुळे माझी झोप जेमतेम झाली होती. तरी सकाळी आंघोळ करून, नवा शर्ट घालून आम्ही तिघं निघालो. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. दोनदा वाढून घेतलं. सहकारी म्हणाला, "आत पंखा आहे, तासभर आडवा हो, उन्हं उतरली की जा." मी म्हणालो, "छे रे, अर्ध्या तासाचा तर रस्ता."

अडीच वाजले असतील. रस्ता रिकामा. एका बाजूला मिठागरं, त्यांच्यावरून उठणारं पांढरं ऊन. वृषाली शेजारी बसून माझ्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल काहीतरी सांगत होती. पट्टा तिनेही लावला नव्हता आणि मीही नाही. पोलीस दिसला की लावायचा, एवढीच आमची समज. मुक्ता मागच्या सीटवर पाय वर घेऊन पडली होती.

वृषालीचं वाक्य माझ्या कानात अर्धंच आहे.

त्यानंतर मला दोन आवाज आठवतात. पहिला मऊ होता, गोणी वरून टाकावी तसा, आणि त्याच्यातच लोखंड पिळवटल्याचा. दुसरा नाल्यावरच्या मोरीच्या कठड्याचा. तो मी ऐकला असं म्हणता येणार नाही. तो माझ्या छातीत फुटला. स्टिअरिंग बरगड्यांत घुसलं, इंजिन माझ्या मांडीवर आलं आणि तोंडात काहीतरी खडखडलं. ते माझे स्वतःचे दात होते.

वृषालीचं डोकं समोरच्या काचेतून बाहेर गेलं होतं. बाहेर जाऊन परत आलं होतं. चेहरा कुठे संपतो आणि काच कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. ती ओरडत नव्हती. घशातून नुसता घरघर आवाज येत होता. मुक्ता दोन सीटांच्या मध्ये येऊन अडकली होती आणि तिचे डोळे माझ्यावर खिळले होते. डॅशबोर्डवर, माझ्या मांडीवर, वृषालीच्या फाटलेल्या पदरावर हिरव्यागार भेंड्या पडल्या होत्या. त्या कुठून आल्या, हे मला कितीतरी वेळ कळेना.

मग बाहेर कुणीतरी किंचाळलं.

रस्त्याच्या कडेने एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. मागे भेंडीची गोणी. मोरवा गावचे भास्कर म्हात्रे, वय पन्नाशीच्या पुढे. स्वतःच्या वाडीतली भाजी भाईंदरला नेऊन विकणारे. मी त्यांना मागून उडवलं होतं. ते आणि सायकल एकमेकांत गुंतून मोरीच्या खाली पडले होते. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली नुसता कातड्याने लोंबत होता.

गावातून माणसं धावत आली. दार उघडेना, म्हणून त्यांनी ते उपटलं आणि मला मोडलेल्या पायाला धरून बाहेर ओढलं. मी जो ओरडलो तो आवाज माणसाचा नव्हता. मग मार सुरू झाला. भास्कररावांचा मुलगा विलास, चोवीस-पंचवीसचा, माझ्या छातीवर बसून दोन्ही मुठींनी तोंडावर मारत होता. "माझे बापाला मारलास! माझे बापाला!" कुणीतरी फळी आणली. बरगड्या आधीच मोडल्या होत्या, त्यांवर लाथा बसत होत्या. तेव्हा मला एकच गोष्ट वाटत होती, की हे बरोबर आहे. मारा.

एक म्हातारी बाई मध्ये पडली. कोण ते मला आजही माहीत नाही. तिने विलासच्या केसांना धरलं आणि ओरडली, "पोर बगते हाय त्याची! सोरा त्याला! पोर बगते हाय!"

मुक्ता रस्त्यात उभी होती. तोंडावर हात घेऊन. कपड्यांवर आईचं रक्त.

त्यांनी मला सोडलं. त्याच माणसांनी मग टेम्पो थांबवून आम्हाला आत घातलं. फळी मारणारा माणूस वाटभर वृषालीच्या कपाळावर स्वतःचा शर्ट दाबून बसला होता.

खाटेवर

मीरा रोडच्या एका हॉस्पिटलात मी सदतीस दिवस होतो. मांडीत सळई, पाच बरगड्या, खालचा जबडा तारेने बांधलेला. नळीने पातळ पेज. सकाळी सहाला स्पंजिंग, आठला डॉक्टरांची फेरी, अकराला ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली कॉरिडॉरमध्ये वाजली की माझ्या हाताला घाम फुटायचा. वॉर्डबॉय जखमेतली पट्टी ओढायचा तेव्हा मी खाटेची दांडी धरून कण्हायचो, कारण तोंड उघडताच येत नव्हतं.

वृषाली बायकांच्या वॉर्डात होती. उजवा हात दोन ठिकाणी मोडलेला, चेहरा पट्ट्यांत. मुक्ताला थोडं खरचटलं होतं, एवढंच. ती नवघरला माझ्या मेव्हण्याकडे राहायला गेली. तिने बोलणं जवळजवळ बंद केलं होतं.

चौथ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आला. त्याच्या आधी मेव्हणा येऊन कानात सांगून गेला होता, "भावजी, कुत्रा आडवा आला म्हणा. मी वकिलाशी बोललोय." जबडा बांधलेला असल्याने मी कागदावर लिहून दिलं: कुत्रा आडवा आला, त्याला वाचवताना तोल गेला. हवालदाराने वाचलं. "ब्रेकची खूण कुठेच नाही रस्त्यावर," तो म्हणाला. मी डोळे मिटले. आजारी माणसाने डोळे मिटले की कुणी पुढे विचारत नाही.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच नक्की माहीत नव्हतं. मधलं काही आठवत नव्हतं. आठवत नाही म्हणजे डोक्याला मार लागला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. कुत्रा खरंच आला असेल, असंही मला हळूहळू वाटायला लागलं. काळा कुत्रा. त्याची शेपटीसुद्धा मला दिसायला लागली.

सिस्टर गावडे रत्नागिरीकडच्या. तोंडाने फटकळ, हाताने हलक्या. दुपारच्या पाळीला त्या असायच्या. एका दुपारी मला त्यांनी गदागदा हलवून उठवलं.

"काय झालं?" मी दातांतल्या दातांत विचारलं.

"अहो, तुम्ही श्वास घ्यायचं विसरता!" त्या म्हणाल्या. "मी समोरच्या पेशंटचं सलाइन बदलतेय तर तुमची छाती हलेचना. मला वाटलं, गेलात. घड्याळ लावून बसले. परत तेच. परत तेच. घरी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी मान हलवली. नाही.

तेवढ्यात वृषाली व्हीलचेअरवर मला बघायला आली होती, दारात. तिने ते ऐकलं. पट्ट्यांमधून तिचा एकच डोळा दिसत होता. ती तशीच परत फिरली.

डॉक्टरांच्या खोलीत

तारा काढल्यावर, कुबड्यांवर चालता यायला लागल्यावर, मुंबईत एका ठिकाणी माझी झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून झोपवतात. आठवड्याने निकालासाठी आम्ही तिघं छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. मुक्ताला घरी एकटं राहायचं नव्हतं, म्हणून ती बरोबर.

डॉक्टर तरुण होते, शांत. कागदावर बोट ठेवून म्हणाले, "तुमचा घसा झोपेत बंद होतो. मेंदू घाबरून तुम्हाला जागं करतो. तुम्हाला ते कळतही नाही. रात्रभर हेच. तुम्ही कित्येक वर्षांत नीट झोपलेला नाहीत." मग वर बघितलं. "गाडी चालवता?"

"चालवत होतो."

"चालवताना याआधी कधी डुलकी?"

"नाही," मी म्हणालो.

इतक्या सहज म्हणालो की आजही त्या सहजतेची मला भीती वाटते.

"लागली होती," मुक्ता म्हणाली.

कितीतरी आठवड्यांत तिने स्वतःहून उच्चारलेले ते पहिले शब्द. तिने माझ्याकडे बघितलं नाही. टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होती. "घोडबंदर रोडला. मला ड्रॉइंगच्या परीक्षेला नेत होते तेव्हा. गाडी डिव्हायडरवर चढली. मी ओरडले म्हणून उठले. मग मला आइस्क्रीम दिलं आणि म्हणाले, आईला सांगू नकोस, ती उगाच घाबरते." ती टेबलाची कड नखाने कुरतडायला लागली. "मी नाही सांगितलं. मी सांगितलं असतं तर..."



वृषाली उठली. आमचं लग्न झाल्यापासून तिने मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "तू तिला गप्प बसवलंस?" ती म्हणाली. "तू तिला?" आणि प्लॅस्टरचा हात वर करून तिने माझ्या खांद्यावर घातला. परत घातला. तिसऱ्यांदा माझ्या कानावर. प्लॅस्टर फुटलं. मी खुर्चीसकट कलंडलो, कुबड्या खाली पडल्या. डॉक्टर टेबलामागून धावत आले, त्यांच्या कंपाउंडरने तिला मागून धरलं. ती ओरडत होती, "दोन वर्षं सांगत होते मी! दोन वर्षं! हसत होतास!" कपाळावरची भरत आलेली जखम उकलून रक्त नाकावर आलं होतं. बाहेर बसलेले पेशंट दारात जमा झाले.

मी जमिनीवर पडूनच मुक्ताला म्हणालो, "तुझी काही चूक नाही. ऐकतेस ना? चूक माझी आहे. सगळी."

कुत्रा नव्हता. हे त्या फरशीवर पडल्या पडल्या मला पहिल्यांदा नीट कळलं.

माझा आजार मला तपासणीच्या कागदातून कळला नाही. तो मला मुलीकडून कळला.

मुखवटा

उपचार साधा आहे, पण सोपा नाही. नाकावर रबराचा मुखवटा, त्याला नळी, नळीला एक छोटं यंत्र. ते रात्रभर हवा दाबून घशात ढकलतं आणि घसा मिटू देत नाही. पहिले काही दिवस मी तो मुखवटा झोपेत ओरबाडून फेकायचो. गालावर नखांचे ओरखडे. एकदा यंत्र भिंतीवर आपटलं. वृषाली तेव्हा मुक्ताजवळ हॉलमध्ये झोपायची. ती उठून आली, यंत्र उचललं, चालतंय का बघितलं आणि मुखवटा माझ्या तोंडावर असा दाबला की पट्ट्याने कानामागे कापलं. "लाव," म्हणाली. "मेलास तरी चालेल, पण लावून मर."

आमच्यात त्या काळात एवढंच बोलणं होतं. ती आरशात बघत नसे. नोकरीसाठी मुलाखत द्यायला गेली तेव्हा समोरच्या बाईने तिच्या चेहऱ्यावरून नजर दुसरीकडे वळवली, हे तिने मला नाही, शेजारच्या जिग्नाबेनना सांगितलं. भिंतीआडून मी ऐकलं.

दहा-बारा दिवसांनी एका सकाळी मी उठलो आणि डोक्यातली वाळू नव्हती. मी खिडकीशी उभा राहिलो. खाली दूधवाला, पेपरवाला, शाळेच्या रिक्षा. सगळं इतकं लख्ख दिसत होतं की मला रडू फुटलं. बरं वाटल्याचा आनंद त्यात होता, पण जास्त होता तो राग. हे इतकं सोपं होतं. रबराचा एक तुकडा.

कधी चालवू नये

लोक मला आता विचारतात, गाडी चालवायला सगळ्यात धोक्याची वेळ कुठली? सगळ्यांना वाटतं पाऊस, गर्दी, घाट. गर्दीत आणि घाटात माणूस जागा असतो. घाबरलेला माणूस झोपत नाही. धोका असतो तो दुपारी जेवणानंतर आणि पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, ओळखीच्या वाटेवर, घर जवळ आलेलं असताना. "अर्ध्या तासाचा तर रस्ता" हे वाक्य तोंडात आलं की थांबा.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, गालावर चापट्या मारणं, मी सगळं केलंय. त्याने झोप जात नाही. आपण जागे आहोत असा भास तेवढा होतो. मागचं वळण कसं घेतलं ते आठवत नसेल, तर तुम्ही ते झोपेत घेतलंय. गाडी बाजूला घ्या. आणि शेजारी बसलेलं माणूस "तुम्हाला झोप येतेय" म्हणालं तर वाद घालू नका.

जबाब

मी पोलीस चौकीत जाऊन कुत्र्याचा जबाब मागे घेतला. हवालदार वैतागला. "अहो, केस तुमच्या बाजूने जातेय, कशाला उकरताय?" मेव्हण्याने महिनाभर बोलणं टाकलं. वकील म्हणाला, आजार होता हे सांगू, म्हणजे दोष तुमचा नाही. मी म्हणालो, आजार होता हे खरं, आणि मला डुलक्या लागत होत्या हे मला माहीत होतं हेही खरं. दोन्ही लिहा. कोर्टात मी गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती भोगली, लायसन्स गेलं. ते परत मिळवण्यासाठी मी आजवर अर्ज केलेला नाही.

भास्कररावांकडे जायचं मात्र धाडस होत नव्हतं. वृषालीच एका रविवारी म्हणाली, "चला. मी येते."

ती पुन्हा 'तुम्ही' म्हणाली होती, हे मला रिक्षात बसल्यावर लक्षात आलं.

भास्कर म्हात्रे

मोरव्यात त्यांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पुढे ओटा, ओट्यावर भास्करराव बसलेले. धोतराच्या खाली एकच पाय. विलास आत होता, तो बाहेर आला, मला ओळखलं आणि त्याच्या मुठी वळल्या. मी थांबलो. वडिलांनी हात वर केला तसा तो दाराला टेकून उभा राहिला, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

वृषालीकडे बघून भास्करराव म्हणाले, "ये बाय, बस." मला बस म्हणाले नाहीत.

मी उभ्यानेच सांगितलं. कुत्रा नव्हता. मी झोपलो होतो. मला आजार होता, आणि मला झोप लागते हे ठाऊक असून मी गाडी चालवत होतो.

त्यांनी माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं. मग म्हणाले, "झोपला व्हतास?"

"हो."

"खोटा बोलतास. गारीचा आवाज आयकून मी मागं वलून बगितला. तू मना बगत व्हतास. तुजे डोले उघरे व्हते."

डॉक्टरांनी हे सांगितलं होतं, की असा माणूस कधीकधी उघड्या डोळ्यांनीही झोपतो. मी ते तसंच त्यांना सांगितलं.

भास्कररावांनी विलासकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हंजे तू मना बगितलाच न्हाय?" ते म्हणाले. "मी रोज रातीला तुजे डोले बगतंय. ह्यो माणूस बगत व्हता नि तरी आला. माजा काय दावा व्हता त्याच्याशी? मी त्याचा काय केलाय? रोज रातीला इचारतंय." त्यांनी मांडीवर मूठ आपटली, जिथे पाय संपत होता तिथेच. पुन्हा आपटली. "नि तू झोपला व्हतास!"

ते रडायला लागले. मोठ्याने, तोंड उघडं टाकून. विलास खाली बसला आणि त्याने वडिलांचे हात घट्ट पकडून ठेवले, कारण ते स्वतःलाच मारत होते.

मी माफी मागितली की नाही, मला आठवत नाही. मागितली असली तरी तिचा त्या आवाजाला काही उपयोग नव्हता. निघताना विलास माझ्या मागोमाग कुंपणापर्यंत आला. मला वाटलं, आता मारणार. तो म्हणाला, "परत येव नका. पण सांगितलात ते बरा केलात. आज बाप माझा झोपल."

परतताना

नाक्यावर स्टेशनकडे जाणारी रिक्षा मिळाली. टळटळीत दुपार होती. रिक्षावाला कोवळा, उत्तर प्रदेशकडचा, डोळे तांबडे. पाचेक मिनिटं गेली असतील. मी बाहेर बघत होतो. एकदम वृषालीने पुढे झुकून त्याच्या खांद्यावर जोरात थापटी मारली.

"रोको! अभी रोको!"

त्याने दचकून रिक्षा कडेला घेतली. "क्या हुआ, भाभी?"

"तुम सो रहे थे."

"नहीं नहीं, वो तो बस..."

"मैंने शीशे में आँखें देखीं." डाव्या हाताने तिने पुढची दांडी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. "कब से चला रहे हो?"

तो ओशाळला. मालकाची रिक्षा, दुसरी पाळीही तोच करत होता. कालपासून आडवा झाला नव्हता.

वृषाली खाली उतरली. मलाही काठीसकट उतरवलं. "पीछे जाओ," ती त्याला म्हणाली. "सो जाओ. बीस मिनट. हम इधर खड़े हैं. हमको कोई जल्दी नहीं."

त्याला वाटलं असणार, वेडी माणसं आहेत. पण तिच्या चेहऱ्याकडे, त्या आडव्यातिडव्या वणांकडे बघून तो उठून मागे आला. मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन पडला आणि मिनिटभरात गाढ झोपला.

आम्ही रिक्षाच्या सावलीत उभे राहिलो. बाजूने बस गेली, टेम्पो गेले. मी वाकून त्याच्या छातीकडे बघत राहिलो. वर, खाली. वर, खाली. वृषालीने विचारलं, "नीट चालू आहे?"

"हो," मी म्हणालो. "नीट चालू आहे."

तरी ती वीस मिनिटं होईपर्यंत बघत राहिली.